रिकेट्स ग्लेन: सासू-सासरे आणि लहान मुलगी बरोबर असताना

सात वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले सासू-सासरे यांना घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या रिकेट्स ग्लेन या स्टेट पार्कात तंबूत राहणं जमेल का, असं विचारलंय. राहणं जमेल. फॉल्स ट्रेल, म्हणजे तिथली धबधब्यांची पायवाट, मात्र सगळ्यांनी मिळून करायचा हट्ट नको. पूर्ण वाट ७.२ मैलांची आहे, पण हायलँड ट्रेलने जोडलेला ३.२ मैलांचा फेरा घेतला तरी बहुतेक धबधबे दिसतात, ९४ फुटी गनोगासुद्धा. अंतर फसवं आहे हो! दगडी पायऱ्या उंच-सखल, कायम ओल्या, आणि लेक जीन या तळ्याच्या बाजूने गेलात की आधी उतार, चढ शेवटी, नेमके पाय थकल्यावर. मुलगी करेल. ज्येष्ठांना सरळ लेक जीनच्या काठी खुर्च्या टाकून द्या, थर्मासमध्ये चहा द्या. मला विचाराल तर तेच जास्त सुखी.

काळी अस्वलं आहेत, त्यामुळे चिवडा-लाडवांचे डबे रात्री गाडीत, तंबूत अजिबात नाही. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथेच आसपास विकत घ्या. प्रवेश फी नाही, तंबूच्या जागेचं आरक्षण मात्र आधी करा.