नेफेश: आत्मा की जीव?

पानगळ: मंडळी एक छोटा प्रश्न आहे, म्हणजे मला तरी छोटा वाटतोय. ठाण्याच्या एका मित्राच्या आजीची कबर अलिबागकडे आहे, बेने इस्राएली म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घर, दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी. हिब्रूच्या शेवटी पाच सुटी अक्षरं आहेत, ताव नून त्सादी बेत हे. मित्राला प्रार्थनेपुरतं हिब्रू वाचता येतं, तो म्हणाला की हे एका वाक्याचं शॉर्टफॉर्म आहे, "तिचा नेफेश जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो" असं काहीतरी. त्यांना आजीच्या पुण्यतिथीला एक छोटी पुस्तिका छापायचीय, त्यात हे मराठीत हवंय. ॲपमध्ये टाकलं तर नेफेश म्हणजे आत्मा असं येतं. तेच लिहू ना?

कोशातला किडा: लिहू नका, निदान लगेच तरी नको. आत्मा म्हटलं की आपल्या डोक्यात गीता सुरू होते, शस्त्रानं न कापला जाणारा, जुने कपडे टाकावेत तसं शरीर टाकणारा. नेफेश तसा अजिबात नाही, निदान मूळचा तरी नाही. तनाखमधे, म्हणजे हिब्रू बायबलमधे, नेफेश रक्तात असतो (लेवीय 17), तो भुकेला होतो, आणि उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात माशांना नि गुराढोरांनासुद्धा 'नेफेश हाया', जिवंत नेफेश, म्हटलंय. सगळ्यात भारी म्हणजे गणना 6:6 मधे 'मेलेला नेफेश' असा शब्द आहे, अर्थ सरळ मढं. आता मेलेला आत्मा म्हणून बघा, वाक्यच कोसळतं.

आणि मूळ अर्थ बहुतेक गळा. स्तोत्र 69 च्या सुरुवातीला माणूस देवाला हाका मारतोय की वाचव, पाणी नेफेशपर्यंत आलंय. कुठपर्यंत आलं असेल? गळ्यापर्यंत. आपल्याकडे जीव कंठाशी येतो ना, हिब्रूत जीव आणि कंठ हे एकाच शब्दात बसलेत. त्यामुळे माझं मत जीव. जीव घेणे, जीव लावणे, जीव भांड्यात पडणे, हे सगळं नेफेशला चपखल बसतं, आत्म्याला एकही नाही.

दुपारचा चहा: थांबा थांबा. गणना नि लेवीय ठीक आहे हो, पण कबर कालपरवाची आहे ना, तीन हजार वर्षांपूर्वीची नाही. ज्यू लोक रोज सकाळी म्हणतात त्या प्रार्थनेत "देवा, तू मला दिलेला नेशामा शुद्ध आहे, तू तो माझ्याकडून घेशील आणि पुढे परत देशील" असं आहे, नेशामा हा नेफेशसारखाच दुसरा हिब्रू शब्द. हा आत्मा नाही तर काय? आणि मराठीत आत्म्यास शांती लाभो हे आता सगळेच लिहितात, त्यात वेदान्त कोण शोधतंय.

कोशातला किडा: पॉइंट आहे. पण त्याच ओळीत "परत देशील" आहे बघा, म्हणजे नेशामा शरीराबाहेर कायमचा सुखात राहणार असं नाही, तो पुन्हा देहात येणार. हा शब्द चालत चालत कुठून कुठे आलाय ते बघितलं तर मजा येते, थोडं लांबेल.

जुन्या ग्रंथांत मेल्यावर सगळे शिओलला जातात, चांगले वाईट सगळे, खाली अंधारात, तिथे ना शिक्षा ना बक्षीस, देवाची स्तुतीही होत नाही. मग इ.स.पू. 167 च्या सुमाराला अँटिओकस चौथा या सीरियाच्या ग्रीक राजानं यहुदी धर्मावर बंदी आणली, आणि तोरा, म्हणजे धर्माचे नियम, पाळला म्हणूनच लोक मारले जायला लागले. आता इथे हिशोब अडतो, नियम पाळणारा मेला आणि मोडणारा जगला, मग न्याय कधी? त्याच काळातल्या दानिएलच्या पुस्तकात (12:2) येतं की मातीत झोपलेल्यांपैकी पुष्कळजण जागे होतील. जागे होतील! उठणार ते अख्खे, हाडामासाचे. सदूकी नि परूशी हे तेव्हाचे यहुदी पंथ, सदूकींनी हे मानलं नाही, परूशींनी मानलं, आणि पुढे परूशींचीच परंपरा टिकली. साधारण इ.स. 200 ची मिश्ना, म्हणजे रब्बींचा (ज्यू धर्मगुरूंचा) नियमसंग्रह, तर म्हणते की मेलेले उठणं नाकारणाऱ्याला येणाऱ्या जगात वाटाच नाही.

देह सोडून राहणारा अमर आत्मा ही दुसरी वाट, ती ग्रीकांच्या शेजारानं आली, अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो वगैरे. मग हजार वर्षं दोन्ही कल्पना एकाच घरात भांडत नांदल्या. रामबाम म्हणजे मायमोनिदीस, बाराव्या शतकातला मोठा ज्यू पंडित, त्यानं श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत मेलेल्यांचं उठणं घातलं खरं, पण येणाऱ्या जगात शरीरच नसतं असंही लिहिलं, लोक म्हणाले ह्याचा उठण्यावर विश्वासच नाही, शेवटी 1191 मधे त्याला त्यावर वेगळा निबंध लिहून खुलासा करावा लागला. जोहार हा तेराव्या शतकातला स्पेनमधला ग्रंथ, त्यात नेफेश, रुआख, नेशामा अशा तीन पायऱ्या झाल्या, तिन्ही शब्द मुळात श्वास-वाऱ्यातलेच, आणि बिचारा नेफेश सगळ्यात खालच्या पायरीवर. गिल्गुल म्हणजे चक्क पुनर्जन्मसुद्धा काब्बालामधे, ज्यू गूढवादात, आहे, सादिया गाओन ह्या रब्बीनं दहाव्या शतकात त्याला वेडगळपणा म्हटलं होतं तरी. आणि 1885 ला अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे सुधारक, रब्बींनी पिट्सबर्गला जाहीर केलं की देह उठणं आम्ही मानत नाही, आत्मा अमर तेवढं मानतो. म्हणजे तुमचा "आत्मा" ह्या लोकांना चालेल, बाकीच्यांना अर्धाच.

चौलचा वारा: मी काही वर्षं इस्राएलला कामाला होतो म्हणून दोन पैसे माझे. रोजच्या हिब्रूत ब्रिऊत हानेफेश म्हणजे मानसिक आरोग्य, सरकारी कागदावर हेच असतं. म्हणजे तिथे नेफेश म्हणजे मन. पण पिकुआख नेफेश म्हणजे जीव वाचवणं, त्यासाठी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) मोडला तरी चालतो, मोडलाच पाहिजे. तिथे आत्मा वाचवणं म्हटलं तर मिशनरी वाटेल.

कोशातला किडा: वा, पिकुआख नेफेश विसरलोच होतो. शब्बाथवरून आठवलं, निर्गम 31:17 मधे देवानं सातव्या दिवशी काम थांबवलं आणि 'वायिन्नाफाश', नेफेशचंच क्रियापद. म्हणजे काय, तर दम खाल्ला. देवानं! तालमूदमधे, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रेश लाकिश नावाचा रब्बी ह्यावर कोटी करतो, तो म्हणतो शब्बाथला माणसाला एक जादा नेशामा मिळतो आणि शब्बाथ संपला की तो जातो, म्हणून तो शब्द फोडून वाच, "वाय, अव्दा नेफेश", अरेरे नेफेश हरवला. दम खाण्याचा शब्द होता, त्यातून जादा आत्मा काढला. शब्बाथ संपताना मसाल्याचा वास घेतात ना, तो ह्या हरवलेल्या पाहुण्याच्या दुःखावर उतारा असं नंतर सांगायला लागले.

आणि अजून एक, मिश्नामधे थडग्यावरच्या बांधकामालाही नेफेश म्हणतात. गळा, जीव, मढं, मन, आत्मा, थडगं. घ्या.

दुपारचा चहा: बरं बाबा जीव तर जीव. पण मग "जीवनाच्या गाठोड्यात" मधलं गाठोडं मला खटकतंय, धोब्याचं वाटतं.

कोशातला किडा: ते वाक्य 1 शमुवेल 25:29 मधलं. अबीगईल दावीदला म्हणते की तुझा नेफेश देवाजवळ जिवंतांच्या 'त्सरोर'मधे बांधलेला असेल आणि शत्रूंचे नेफेश तो गोफणीतून भिरकावून देईल. कोणाला सांगतेय, तर गोफणीनं गल्याथला पाडणाऱ्याला, बाई हुशार. म्हणजे तिथे आत्म्याच्या स्वर्गाचा विषयच नव्हता, तू जिवंत राहशील एवढंच. कबरीवर यायला लागलं तेव्हा अर्थ पलीकडे सरकला. त्सरोर म्हणजे फडक्यात गाठ मारून बांधलेलं काहीतरी. योसेफच्या भावांच्या पोत्यात पैसे निघतात ते पण त्सरोरच. गाठोडं मोठं होतं हो, पुरचुंडी म्हणा.

पानगळ: पुरचुंडी!! मित्राला आत्ताच फोन केला. तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला आजी सुट्टे पैसे रुमालाच्या टोकाला गाठ मारून कनवटीला लावायची आणि आम्ही मागितले की दातानं गाठ सोडायची. तर "तिचा जीव जिवंतांच्या पुरचुंडीत बांधलेला राहो" असं ठरतंय. त्याच्या काकांना मात्र आत्माच हवाय, पुरचुंडी छापली तर लोक हसतील म्हणतात. रविवारी दगडाचा नीट फोटो काढायला जातोय, शेवटचं 'हे' जवळजवळ झिजलंय.