मायकल जॅक्सनचा शोक चर्चमध्ये करावा की नाही?

पूर्णाकाठचा

आमच्या मंडळीत एका गोष्टीवरून दोन तट पडलेत, म्हणून विषय इथे मांडतो. गाव अचलपूर तालुक्यातलं, ख्रिस्ती घरं मोजकीच. तरुण संघाने ठरवलं होतं की २५ जूनला संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटं मायकल जॅक्सनची आठवण काढायची. एकाने दोन शब्द बोलायचे, मग एकटेपणाने आतून पोखरलेल्या माणसांसाठी प्रार्थना करायची. गाणं नाही, नाच तर नाहीच. पंचांनी साफ नाही म्हटलं. देवाच्या घरात नाचणाऱ्याचा शोक नको, एवढंच कारण.

मला हा नकार पटत नाही. का, ते सांगतो.

मी जन्माने ख्रिस्ती. पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढले, तेव्हापासून पवित्र शास्त्र आमच्या घरात आहे. पण ते फडताळात होतं. रविवारी आईच्या धाकाने चर्च आणि बाकी सगळा आठवडा मायकल. हनुमान मंदिराच्या सभामंडपातली शहाबादी फरशी गावात सगळ्यात गुळगुळीत. पायात मोजे घालून मी तिथेच मूनवॉक घोटला. पुजारीबुवा एवढंच म्हणायचे, "आरतीच्या आधी आटप रे." गणपतीत, वरातीत, गॅदरिंगला मला मायकल म्हणूनच बोलावणं यायचं.

तो गेला तेव्हा लॉस एंजेलिसला २५ जून २००९ ची दुपार होती, आपल्याकडे २६ ची पहाट. त्या वर्षी पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या. सगळं गाव आभाळाकडे बघतंय आणि मी टीव्हीपुढे रडतोय. वडील काय म्हणाले असतील ते लिहीत नाही.

पुढे हळूहळू कळलं की तो प्रोपोफॉलने गेला. ऑपरेशनच्या वेळी देतात ते भुलीचं औषध. हा माणूस ते घरी, पलंगावर, झोप यावी म्हणून घेत होता. लंडनला पन्नास कार्यक्रम ठरलेले, तिकिटं खपलेली आणि डोळ्याला डोळा लागत नाही. मला ते पचेना. एवढ्या टाळ्या पडूनही माणसाला झोप लागत नसेल, तर गणपतीच्या मांडवातल्या टाळ्यांवर मी किती दिवस काढणार होतो?

त्याच पावसाळ्यात नात्यातल्या एका मावशींना मिशनच्या कुष्ठ दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. तिथे ड्रेसिंगला एक काका बसायचे. सुन्न पडलेले पाय ते प्लास्टिकच्या टबात पाण्यात बुडवून ठेवत. कातडी मऊ झाली की खडबडीत दगडाने घट्टे घासत आणि ओल्या पायावरच तेल चोळत. मग बोटांच्या बेचक्यांत बॅटरी मारून बघत, काही रुतलंय का. एकाच्या तळव्यात पऱ्हाटीचं धसकट घुसलं होतं आणि तो तसाच चालत आला होता, कारण त्याला ते जाणवतच नव्हतं. मी काकांना विचारलं, कंटाळा येत नाही? ते म्हणाले, "त्यानं शिष्यांचे पाय फुकट धुतले. मी तर पगार घेतो."

मी तिथे राहिलो तो आजपर्यंत. फडताळातलं पुस्तक खरं म्हणजे तेव्हा उघडलं.

आता मायकलचा याच्याशी संबंध काय? त्याला कोड होता. १९९३ साली ओप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत त्याने त्वचेच्या आजाराबद्दल सांगितलं, लोकांनी ते सोंग मानलं. शवविच्छेदनात ते खरं निघालं. आपल्याकडे कोडाच्या डागाला आजही सर्रास कुष्ठ समजतात, पोरीचं लग्न मोडतं. अशी पोर कुणी दवाखान्यात आणली की आधी चट्ट्याला कापूस लावून बघतात. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो, कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा कळत नाही. तपासून कोड निघाला की मी मोबाइलमधला त्याचा फोटो काढतो आणि सांगतो, याला पण हाच होता. पोरीचा बाप फोटो दोन बोटांनी मोठा करून बघतो. त्या फोटोने जेवढं काम होतं तेवढं आमच्या भिंतीवरच्या पोस्टरने होत नाही.

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. जो शौल जिवावर उठला होता, त्याच्यासाठीही दावीदाने विलापगीत रचलं. तेव्हा मेलेल्याचं चारित्र्य तपासून मगच रडायचं, असा दंडक कुठून आला? तुमची मतं द्या, विरोधातली असली तरी.

जुना पायंडा

बेटा, साक्ष चांगली दिलीस, त्याबद्दल देवाचे आभार. पण दावीदापाशी थांबलास, थोडं मागे जायला हवं होतं. पहिल्या शमुवेलाचा सोळावा अध्याय, पहिलंच वचन. परमेश्वर शमुवेलाला विचारतो, तू शौलासाठी कुठवर शोक करणार? शिंगात तेल भर आणि नीघ. तुलाही तेल भरून पाठवलेलं आहे. मग वर्षानुवर्षे मागे वळून कशाला बघायचं?

दुसरं. हा गृहस्थ आईबरोबर यहोवाचे साक्षीदार या पंथात वाढला आणि १९८७ मध्ये त्याने तोही सोडला. तो आपल्या मंडळीचा कधीच नव्हता. रडायचं तर घरी रडा, कोण अडवतंय? उपासनेची जागा एकदा मोकळी सोडली की पुढच्या वर्षी क्रिकेटवाला येईल, त्याच्या पुढच्या वर्षी पुढारी. पुढाऱ्यांचे तर फ्लेक्सही येतील.

आणि बोलतोच आहे तर मनातलं बोलून टाकतो. ना. वा. टिळकांनी अभंगात आणि कीर्तनात ख्रिस्त आणला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांच्या हाती बायबल आलं, म्हणजे माणूस आपल्याच वाटेवर घडला. तरुण संघातल्या किती जणांना त्यांची चार पदं पाठ आहेत? त्यांची पुण्यतिथी ९ मेला असते. ती कुणाला आठवत नाही.

वऱ्हाडी ठसका

काका, टिळकांचं बरोबर हाये. पन १९९६ ले हाच मायकल मुंबईत आला, मातोश्रीवर जाऊन आला, अंधेरीत नाचला, सरकारनं करमनूक कर माफ करतो म्हनलं. तवा कोनाचा धर्म नाई बुडाला. आन आमच्या पोट्ट्यायनं धा मिनिट डोये मिटले तं मंडळी बुडते काय?

खरं बोलतो

पणजोबांना तेव्हा किती पोती तांदूळ मिळाला होता?

वऱ्हाडी ठसका

दुष्काळ होता, लिवलं ना त्यानं. लोकं उपाशी मरत होते. ज्यानं लेकरू उचललं त्यानं उचललं. तुह्या पणजोबानं उचललं असतं तं आज तुह्या घरचं राह्यलं असतं. वाचून बोलत जाय ना बे.

शाळेची बाई

तांदूळ बाजूला ठेवा. भाऊ, तुमच्या दवाखान्यातल्या कामाबद्दल आदर आहे, पण मुख्य गोष्ट तुम्ही "चारित्र्य" या एका शब्दात गुंडाळलीत. २००५ साली न्यायालयाने त्याला सगळ्या आरोपांतून मुक्त केलं, मान्य. पण २०१९ च्या माहितीपटात दोन पुरुषांनी, आता मोठे झालेल्या, लहानपणी त्याने आपल्यावर अत्याचार केल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. त्याच्या कुटुंबाने ते नाकारलं. खरं काय ते मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पोर काही सांगायला आलं की आधी ऐकायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. तुमच्या प्रार्थनेला संडे स्कूलची पोरं पुढे मांडी घालून बसणार. त्यांच्यात उद्या काही सांगू बघणारं एखादं लेकरू असेल, तर ते काय समजेल? की माणूस मोठा असला की मंडळी त्याच्या बाजूने उभी राहते?

दावीदाचं उदाहरण इथे लागू पडत नाही. शौल दावीदाच्या जिवावर उठला होता, म्हणजे माफ करायचा हक्क दावीदाचा होता. इथे तुमचं काहीच गेलेलं नाही.

निरीश्वर

मी तिसऱ्याच बाजूने बोलतो. पॉपस्टार काय आणि देव काय, दोन्हीकडे माणूस आपल्यातलं चांगलं बाहेर नेऊन टांगतो आणि मग त्याच्यापुढे वाकतो. पाय तुम्ही धुता, श्रेय येशूला. कुष्ठसेवेसाठी ख्रिस्तच हवा असता तर विदर्भात बाकी कुणी ते केलंच नसतं. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभं केलं. अमरावतीत १९४६ मध्ये शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन काढलं. पुढे बाबा आमट्यांचं आनंदवन. आणि रोग बरा होतो तो ऐंशीच्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने, प्रार्थनेने नाही. जगण्याला हेतू हवा, कबूल. तो मिळवायला मध्ये दलाल कशाला?

पूर्णाकाठचा

निरीश्वरभाऊ, येशूशिवाय कुष्ठसेवा होत नाही असं मी कुठे लिहिलं? माझ्याने झाली नसती, एवढंच. तपोवनातल्या माणसांपुढे मी आजही हात जोडतो. औषधाचं म्हणाल तर रोजच्या गोळ्या आमच्याकडूनच जातात. सहा महिने किंवा बारा महिने, फुकट. पण जंतू मेले तरी सुन्न झालेला पाय सुन्नच राहतो. तो रोज बघायला जन्मभर कुणीतरी लागतं. गोळीचं पाकीट संपल्यावर जे उरतं, त्यासाठी मला सकाळी कुणीतरी उठवावं लागतं. तुम्ही आपले आपण उठत असाल तर आनंद आहे.

काका, शमुवेलाला देवाने विचारलं तेव्हा शौल जिवंत होता, गादीवर होता. तो शोक माणूस वाया गेल्याचा होता, मेल्याचा नव्हे. मेल्यावर दावीद रडला तेव्हा देवाने त्याला एका शब्दाने टोकलं नाही. टिळकांचं मात्र बिनशर्त मान्य. ९ मे ठेवा, पदं मी बसवून घेतो.

बाईंना उत्तर द्यायला वेळ घेतो.

कपाशीवाला

मले एवढं सांगा, जून महिन्यात तुमाले कोनाचा शोक सुचते? २००६ ले पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यायले पॅकेज देऊन गेले. त्याच्यावर किती पावसाळे गेले, अजून पेपर उघडला का आतल्या पानावर बारीक अक्षरात एक शेतकरी असतेच. आमच्या गावातला गेला तवा तहसीलचे लोकं आले, सातबारा पाह्यला, कर्ज कोनाचं ते पाह्यलं, पात्र का अपात्र ते लिवलं. धा मिनिट कोनी उभं नाई राह्यलं. ना देवळात, ना तुमच्या चर्चात. मायकलले रडनारे सगळ्या जगात हायेत. तुमच्या गल्लीतल्या मेलेल्याले कोन हाये?

गुरुदेव सेवक

दादांच्या बोलण्याला जोडून. आमच्या मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४.५८ ला सगळे आहेत तिथे स्तब्ध उभे राहतात. रस्त्यावरची गाडीही थांबते. म्हणजे खंजिरीवर भजन गाणाऱ्यासाठी उभं राहणं आम्हाला परकं नाही. पण महाराजांनी गाव कसं झाडावं इथपासून सांगितलं, ग्रामगीता दिली. मायकलने काय दिलं? कोडाचा फोटो तुम्ही वापरता, ती तुमची करामत. त्याने तर तो डाग बरीच वर्षं लपवला.

पाळकाची सून

लपवला म्हणूनच तो फोटो कामाला येतो, दादा. आमच्याकडे पोरी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतात. एवढा पैसा असून त्याला लपवावंसं वाटलं, हे ऐकलं की त्यांना जरा हायसं वाटतं. उघडपणे मिरवला असता तर तो त्यांना आपला वाटला नसता.

मी घरात बसून दोन्ही बाजू ऐकते. पंचांना मायकलची अडचण नाही. पोरांनी न विचारता ठरवलं, याची आहे. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिलं. सासऱ्यांनी वाचलं तर वाचू देत.

जुना पायंडा

सूनबाई, वाचलं. न विचारता ठरवलं, हे खरंच आहे. पण विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

पूर्णाकाठचा

बाई, तुमच्यावर विचार केला. आरोप खरे की खोटे, यावर मी बोलणार नाही. पण ते लेकरू काय समजेल, हा प्रश्न मायकलचा नाही, आमचा आहे. म्हणून: संडे स्कूलच्या मुलांना त्या दिवशी लवकर घरी पाठवू. त्याचा फोटो लावणार नाही. दोन शब्द बोलताना "महान" म्हणणार नाही, आरोपांचा उल्लेख टाळणार नाही. एवढं करूनही तुम्हाला गैर वाटत असेल तर सांगा.

कपाशीवाले दादा, गल्लीतल्या मेलेल्याची नावंही त्याच दहा मिनिटांत घेऊ. तुमच्या गावातल्या त्या माणसाचं नाव मला खासगीत कळवा. त्याच्या घरच्यांची हरकत नसेल तर वाचतो.

शाळेची बाई

गैर वाटतंच. पण मुलं घरी गेलेली असतील तर मी अडवणार नाही.

कपाशीवाला

नाव कळवतो. पन मायकलच्या मागून नाई वाचायचं. त्याच्या आधी वाचा.

जुना पायंडा

आणि चर्चमध्ये नाही. माझ्या अंगणात करा, सातरंज्या मी देतो.

वऱ्हाडी ठसका

काका, अंगनात चालते आन चर्चात नाई चालत, हे कोन्त्या अध्यायात हाये?

जुना पायंडा

अध्यायात नाही. मंडळीच्या ठरावात आहे. ठराव बदलायचा तर वार्षिक सभेला या आणि हात वर करा. गेल्या सभेला तरुण संघातून एकच जण आला होता, तोही चहाच्या वेळेला.