प्रति: वाचलेल्या पुस्तकांची नोंद कुठे ठेवता?

वर विचारलंय की गुडरीड्स (वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायची आणि त्यावर गप्पा मारायची साइट) सोडून जायचं तर कुठे जायचं. मी दोन वर्षं स्टोरीग्राफ ही तशीच दुसरी साइट वापरतेय. गुडरीड्समधून तुमच्या यादीची सीएसव्ही फाईल (साध्या तक्त्याची फाईल) काढायची आणि स्टोरीग्राफवर टाकायची, बस्स, तारखा, रेटिंग सगळं येतं. आणि मुख्य म्हणजे पाव स्टारसुद्धा देता येतो! गुडरीड्सवर साडेतीन म्हणायचं असेल तर तीन द्यायचे की चार यातच माझा वेळ जायचा. पुस्तक संथ आहे की वेगवान, मूड कसा, याचे तक्ते पण मस्त असतात.

पण गप्पा म्हणाल तर अजूनही गुडरीड्सच. २००७ पासूनची गर्दी आहे तिथे, २०१३ला अ‍ॅमेझॉनने घेतलं तरी लोक हलले नाहीत, आणि मित्रमंडळी काही सीएसव्हीतून येत नाहीत ना.

मराठी पुस्तकांचं मात्र सगळीकडेच रडगाणं. एका साइटवर (नाव नको) एकच कादंबरी मला तीनदा सापडली, एकदा देवनागरीत, दोनदा रोमनमध्ये वेगवेगळ्या स्पेलिंगने, आणि मुखपृष्ठ भलत्याच पुस्तकाचं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतोच, मग बारकोड काय कप्पाळ स्कॅन करणार, हातानेच भरायचं.

घरातल्या कपाटाची यादी करायची असेल तर लायब्ररीथिंग ही साइट बघा, २००५ पासून आहे, ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून माहिती ओढतं. आधी २०० पुस्तकांपर्यंतच फुकट होतं, २०२० पासून ती मर्यादा काढली. दिसायला जुनाट आहे पण आईची सगळी पुस्तकं मी तिथेच चढवलीत.