मदत हवी आहे: डीए पॉलिशरने जुन्या गाडीचा रंग उजळत नाहीये, रोटरी घेऊ का?

उन्हातलीगाडी:

मंडळी, जरा लांबलचक होतंय पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही म्हणून लिहितो.

गाडी गडद निळी मेटॅलिक, बारा वर्षांची. शेवटची पाच वर्षं काकांनी उघड्यावर झाडाखाली लावून ठेवली होती, आणि आंघोळ काय ती पावसाने घातली तेवढीच. मधेअधे कोणीतरी प्रेमाने कोरड्या फडक्याने धूळ पुसायचं, मला तर वाटतं निम्मी वाट त्या प्रेमानेच लागली. आता गाडी माझ्याकडे आलीय. दार उघडून आतली कड बघितली तेव्हा कळलं मूळ रंग किती खोल निळा होता, बाहेरून नुसता राखाडी फिकटपणा आणि मोबाइलचा टॉर्च मारला की कोळ्याचं जाळं, म्हणजे बारीक गोल ओरखडे.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. दोन बादल्यांनी धुतली, आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन) मारला तर दारांच्या खालच्या भागातून जांभळे ओघळ आले (बघायला मजा येते, वास मात्र कुजक्या अंड्यांचा). मग क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी). प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून हात फिरवला की आधी वाळूसारखं लागत होतं, आता काचेसारखं लागतं. इथपर्यंत बरोबर ना?

मग नवीन डीए पॉलिशर (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड फिरतोही आणि डोलतोही) काढला, १५ मिमीवाला (तेवढा डोलण्याचा घेर), त्याला ५ इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती), कटिंगचा फोम पॅड आणि कंपाउंड (ओरखडे घासून काढणारी खरखरीत पेस्ट). आणि इथून पुढे गोंधळ.

पहिल्या दिवशी अर्धं बॉनेट केलं आणि वरून एक ग्लॉसवाली पॉलिश मारली. अक्षरशः आरसा! घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. दोन दिवसांनी शाम्पूने धुतलं तर जाळं परत हजर, जणू मी काही केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुढचं दार घेतलं तर वीस मिनिटं जोर लावून घासलं, हात भरून आले, मशीन थरथरतंय पण पांढरा भुगा उडण्यापलीकडे काही नाही. आणि टपावर तळहाताएवढे तीन पांढरे चट्टे आहेत, पाण्याने ओले केले की गायब होतात, वाळले की परत दिसतात. त्यांच्या कडेला नख अडकतं. त्यावर पॉलिशर मारला तर चट्टा थोडा मोठाच झाला असं वाटतंय, म्हणून थांबलो.

ओळखीतला एक जण म्हणतो डीए म्हणजे खेळणं आहे, रोटरी (नुसतं गोल फिरणारं पॉलिशर) घे, एका हातात काम होईल. घेऊ का? की कंपाउंड बदलू? नवशिका आहे हे लक्षात घेऊन सांगा.

बारानंबरपाना:

आधी तो टप सोडा. चट्ट्याच्या कडेला नख अडकतंय म्हणजे वरचा क्लिअर कोटच (रंगावरचा पारदर्शक थर) सुटलाय, पोपडे धरलेत. पॉलिश म्हणजे काय, आहे तो थर किंचित खरवडून सपाट करणं. जो थर उरलाच नाही तो मशीन कुठून आणणार? पाण्याने गायब होतात कारण पाणी तात्पुरतं क्लिअर कोटचं काम करतं. ते पेंटरचं काम आहे, जितकं घासाल तितकी कड उचलेल.

एक विचारायचं होतं, पॅडवर निळा रंग येतोय का?

उन्हातलीगाडी:

नाही, पॅड पांढरा-राखाडीच आहे. टपाचं कळलं, धन्यवाद. मन खट्टू झालं पण कळलं.

बारानंबरपाना:

मग बाकी गाडीला क्लिअर कोट शाबूत आहे. निळा यायला लागला असता, म्हणजे खालचा रंगच निघत असता, तर लगेच थांबा म्हणालो असतो.

बॉनेटचं उत्तर सोपं आहे. त्या ग्लॉसवाल्या पॉलिशमध्ये तेलं आणि फिलर असतात, ते ओरखड्यांत जाऊन बसतात, धुतलं की जातात. ओरखडे गेलेच नव्हते, लपले होते. कंपाउंड झाल्यावर आधी आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पाणी मिसळून त्याने पुसायचं, मग टॉर्च मारायचा, आणि जे दिसेल ते खरं. घरच्यांना त्यानंतर बोलवायचं :)

फडकंवाला:

राव, रोटरी अजिबात घेऊ नका आत्ता! फॅक्टरीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे केसापेक्षा बारीक. रोटरी एकाच जागी गरगर फिरते, गरम करते, आणि कडांवर तर दोन सेकंदांत खालचा रंग दिसतो. शिवाय नीट नाही जमली की उन्हात होलोग्राम (मशीनच्या फिरण्याच्या चमकत्या खुणा) नाचतात ते वेगळेच.

तुमच्या दाराचा प्रॉब्लेम मला वाचूनच कळला, "जोर लावून". १५ मिमीचा डीए जोर दिला की फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. बॅकिंग प्लेटच्या कडेवर काळ्या मार्करने एक उभी रेघ मारा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर तुम्ही पत्र्याला मालिश करताय. पॅड तिरका धरला तरी तेच होतं, दाराच्या वळणावर हे हमखास.

दुसरं, कंपाउंड किती घेताय? नव्या पॅडला पहिल्यांदा सगळीकडे पातळ चोळून घ्यायचं, नंतर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बास. पॅड भरला की कापणं बंद, नुसता भुगा. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा आणि दोन-तीन पॅड आलटून पालटून वापरा, एका पॅडवर आख्खी गाडी होत नसते. आणि सावलीत, पत्रा थंड असताना. गरम पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकतं.

दोन फूट बाय दोन फूट एवढाच चौकोन घ्या. स्पीड ४-५, हात एकदम सावकाश, सेकंदाला इंचभर, आधी आडवे मग उभे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या निम्म्यावर. चार-सहा फेऱ्या, पुसा, बघा. तो चौकोन जमेपर्यंत पुढे जाऊ नका. दाराच्या कडा, बॉडी लाइन आणि हँडलभोवती मास्किंग टेप लावा, तिथे रंग पातळ असतो.

उन्हातलीगाडी:

अपडेट. मार्करची रेघ मारली आणि अक्षरशः कपाळावर हात मारला. माझ्या नेहमीच्या जोराने रेघ जागच्या जागी थिजलेली! म्हणजे ती वीस मिनिटं फक्त मीच हलत होतो. हात सैल सोडला, जवळजवळ मशीनच्याच वजनावर, तर रेघ फिरायला लागली आणि आवाजही बदलला.

पॅड धुवून वाळवला (त्यातून ताकासारखं पाणी निघालं, निघतच राहिलं), दारावर चौकोन आखून सहा फेऱ्या केल्या. आयपीएने पुसून टॉर्च मारला, जाळं जवळपास गेलेलं. खोल ओरखडे आहेत तसेच आहेत, पण आता काळोख्या पाण्यात बघितल्यासारखं निळं दिसतंय. फक्त बारीक धुकं राहिलंय, ते कशाने?

फडकंवाला:

कटिंग पॅडचं धुकं आहे ते, गडद रंगावर दिसतंच. मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, स्पीड जरा कमी, दोन-चार फेऱ्यांत जाईल. पण आख्ख्या गाडीचं कटिंग उरकल्यावरच. शेवटी सीलंट किंवा वॅक्स मारा, नाहीतर उघडा क्लिअर कोट परत उन्हाला देताय. नखाला लागणारे ओरखडे सोडून द्या, ते पूर्ण काढायला जितकं खरवडावं लागेल तितका कोट तुमच्याकडे नाहीये.

उन्हातलीगाडी:

सोडले. बॉनेटवर एक पक्ष्याच्या विष्ठेचा डाग खड्ड्यासारखा बसलाय, तोही सोडला. टपासाठी पेंटर बघतोय.

एकच राहिलं, सांगायला लाज वाटते. मास्किंग टेप काढायला विसरलो, गाडी दोन दिवस उन्हात होती. आता हँडलभोवती चिकट पट्टा राहिलाय. नखाने खरवडू का?

बारानंबरपाना:

नखाने नको!!! तेच आयपीए फडक्यावर घ्या, मिनिटभर ठेवा, हलक्या हाताने पुसा. आणि फडकं मायक्रोफायबरचं घ्या हो, काकांचं नको.