सॅन स्टॉर्म (फायबर बॉडी) पूर्ण रिपेंट करायचीय, रिमूव्हर लावू द्यावा का?

लाल_स्टॉर्म_पुणे:
नमस्कार मंडळी. मामाची सॅन स्टॉर्म आता माझ्याकडे पुण्याला आलीय. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही गोव्यात बनलेली दोन सीटची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, १९९८ ला आली, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणि अख्खी बॉडी फायबरची. फार थोड्या बनल्या आणि आता बनत नाहीत. मामाने मडगावात असताना घेतलेली, शाळेत होतो तेव्हा मला बाजूला बसवून कोलव्याला न्यायचा, त्यामुळे ही गाडी माझ्यासाठी नुसती गाडी नाहीये. त्याचे गुडघे आता इतक्या खाली बसू देत नाहीत म्हणून चावी माझ्या हातात दिली, आणि एकच सांगितलं की रंग तोच ठेव.

इंजिन ठणठणीत आहे. रंगाची मात्र वाट लागलीय. बॉनेट आणि डिकी उन्हाने गुलाबीसर पांढरी पडलीय, ड्रायव्हरच्या दाराजवळ आणि मागच्या चाकावर बारीक बारीक तडे आहेत, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि पुढच्या बंपरवर आधी कोणीतरी टचअप केलेला पॅच वेगळाच दिसतो.

दोन ठिकाणी दाखवली. पहिला म्हणाला रिमूव्हर लावून सगळा जुना रंग दोन दिवसांत काढतो आणि आठ दिवसांत गाडी देतो, ६५ हजार. दुसऱ्याने दीड लाख सांगितले आणि दोन महिने, आणि तो रिमूव्हर अजिबात लावणार नाही म्हणतोय, हाताने घासणार. एवढा फरक कसा? पहिला खोटं बोलतोय असं वाटत नाही, त्याच्याकडे रोजच्या गाड्यांचं काम खरंच छान होतं, मी स्वतः बघितलंय. फायबरचा अनुभव असणाऱ्यांनी प्लीज सांगा.

होडीवाला_रत्नागिरी:
दादा आधी पहिल्याला थांबवा. रिमूव्हर नको म्हणजे नकोच.

मी गाड्यांचा माणूस नाही, आमचं फायबरच्या होड्यांचं काम आहे, पण मटेरियल तेच, काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, वरून जेलकोट म्हणजे नुसत्या रेझिनचा पातळ थर. पत्र्याच्या गाडीवर रिमूव्हर लावला की रंग सुटतो आणि खाली पत्रा उरतो, पत्र्याला काही होत नाही. फायबरमध्ये रंगाच्या खाली पण रेझिनच आहे, ते केमिकल रंग कुठे संपला आणि जेलकोट कुठे सुरू झाला ते ओळखत नाही, सरळ आत शिरतं. मॅटच्या तंतूंमध्ये एकदा शिरलं की धुवून निघत नाही. गाडी शोरूमसारखी दिसेल, तुम्ही पैसे द्याल, आणि पहिल्या एप्रिल-मेच्या उन्हात खालून फोड येतील. तेव्हा पेंटर म्हणेल मटेरियल खराब होतं.

सँडब्लास्टिंग पण नाही, ते तर जेलकोट उडवून तंतू उघडे करतं. हातानेच घासायचं, कोरडं. हे कोरडं लक्षात ठेवा कारण आपल्याकडे पेंटरला सवय असते पाणी मारत पॉलिश पेपर चालवायची. जेलकोट शाबूत असेल तर ठीक, पण तडा किंवा उघडा तंतू असेल तिथे पाणी वातीसारखं आत ओढलं जातं आणि वरून प्रायमर मारला की आतच अडकतं. प्रायमरने सगळी बॉडी सील झाली की मग काय ते पाणी वापरा.

आणि तड्यांबद्दल. तो रंगाचा तडा नाहीये हो, जेलकोटचा आहे. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर असतो आणि कडक असतो, खालचं फायबर वाकतं पण हा वाकत नाही म्हणून फुटतो. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला तर वर्षभरात त्याच जागी तेच जाळं परत येणार, रेघ न् रेघ. तडा चर पाडून उघडायचा, मुळापर्यंत, आणि खाली फायबर पण फुटलं असेल तर मागून-पुढून उतार देऊन घासायचं आणि मॅट-रेझिन बसवायचं. आम्ही होडीला जाडीच्या बारापट उतार देतो, म्हणजे ३ मिलिमीटर जाड असेल तर तड्याच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन सेंटीमीटर. पेंटरला हे जास्त वाटेल, तरी करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी शोधा की तिथे फायबर वाकतंय का. दाराजवळ म्हणताय म्हणजे बिजागरीचा बोल्ट सैल किंवा अति आवळलेला असणार, दार लोंबत असणार. ते न सुधारता केलेला सगळा खर्च पाण्यात.

जुनी_गाडी_सोलापूर:
पुढची काच काढू देऊ नका एवढंच सांगतो. रबर बदलायच्या नादात फुटली तर दुसरी कुठून आणणार. मास्किंग नीट करून घ्या पण काच जाग्यावर राहू दे.

पेंटबूथ_कोल्हापूर:
माझं स्वतःचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, २२ वर्षं झाली, फायबरच्या फार नाही पण सात-आठ गाड्या आणि बसचे बंपर वगैरे भरपूर केलेत. रत्नागिरीवाल्या काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. मी पेंटरच्या बाजूने सांगतो की दीड लाख का लागतात.

रंगाचा खर्च या सगळ्यात कमी असतो बघा. बेस कोट म्हणजे रंग दोन-तीन हात आणि वरचा पारदर्शक क्लिअर दोन हात, हे काम एका दिवसाचं आहे. पैसे जातात ते घासण्यात, माणूस पंधरा-वीस दिवस त्या एका गाडीवर अडकतो आणि तेवढ्या वेळात पत्र्याच्या चार गाड्या निघाल्या असत्या. पहिल्याने ६५ सांगितले ते त्याच्या हिशोबाने बरोबरच आहेत, तो पत्र्याचा हिशोब करतोय.

क्रम असा विचारा. जुना रंग मशीनने नाही हाताने, लाकडी ब्लॉक धरून, १८० च्या आसपास पेपर, ८० नंबर नको कारण त्याच्या रेघा जेलकोटमध्ये बसतात आणि नंतर रंगातून वर येतात. मग फायबर दुरुस्ती. मग इपॉक्सी प्रायमर सगळीकडे, मग जाड बसणारा सरफेसर, म्हणजे खाचखळगे भरून घासून सपाट करायचा थर, परत ब्लॉक, ३२० मग ४०० मग ६००. फायबर मोल्डमधून निघतं तेव्हा पूर्ण सपाट नसतंच, पॅनल हलके लाटेसारखे असतात, जुन्या फिक्या रंगात ते दिसत नाही, पण नवीन चकचकीत लाल मारला की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसतं. ते सगळं ब्लॉकने सपाट करणं हेच खरं काम.

बूथची भट्टी विचारा. पत्र्याच्या गाडीला आम्ही ६० डिग्रीला अर्धा तास भाजतो. फायबरला एवढं देऊ नये, गरम झालं की रेझिन थोडं आकसतं आणि खालच्या मॅटची नक्षी वर उमटते, नंतर ती जात नाही. हवेवर वाळू दे, किंवा फार तर ४०-४५. म्हणून पण वेळ लागतो.

लाल रंगाचं अजून एक. लाल कव्हर कमी करतो, खालचा रंग त्यातून दिसतो. खाली सरफेसर एकसारख्या शेडचा पाहिजे, कुठे पांढरी लांबी कुठे काळा प्रायमर असं ठेवून वर लाल मारला तर उन्हात डाग दिसतात. चांगला पेंटर आधी सगळी गाडी एका रंगाची करतो मग लाल घेतो.

आणि माणूस म्हणून एक विनंती, त्या पेंटरकडे हवेच्या लाइनचा, म्हणजे नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क आहे का बघा. टू-के म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, रुमाल बांधून ते थांबत नाही, दम्यासारखा त्रास कायमचा लागतो. माझ्या ओळखीतले दोन चांगले कारागीर त्यामुळे घरी बसलेत. ज्याच्याकडे मास्क आहे त्याच्याकडे कंप्रेसरला हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप पण असतो, आणि काम पण नीट असतं, असं मी तरी बघितलंय.

लाल_स्टॉर्म_पुणे:
बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, मनापासून थँक्यू. आज बघितलं तर खरंच दार उघडलं की दोनेक सेंटीमीटर खाली बसतं, वरच्या बिजागरीजवळ बोट ठेवलं तर फायबर हलताना कळतं. होडीवाले काका तुम्ही न बघता सांगितलंत.

दोन प्रश्न. पहिल्या ठिकाणी त्याने रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं तर काहीच आकडा आला नाही, म्हणाला मीटर बिघडलंय. आधी किती वेळा रंग मारलाय हे कळायला दुसरा मार्ग आहे का? आणि कलर कोड कुठेच सापडत नाहीये, मूळ लाल कसा मिळवायचा?

पेंटबूथ_कोल्हापूर:
मीटर बिघडलेलं नाही, ते चुंबकावर चालतं, खाली लोखंड नाही तर आकडा येणार कुठून. फायबरला अल्ट्रासॉनिक लागतं, सगळ्यांकडे नसतं. सोपा उपाय, नजरेआड एका जागी, डिकीच्या आतल्या कडेला वगैरे, पेपरने रुपयाएवढा गोल घासायचा, उतार देत. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, किती थर आहेत ते मोजा. बंपरच्या पॅचवर तुम्हाला दोन लाल दिसतील बहुतेक.

रंगासाठी न उन्हाळलेला तुकडा शोधा. पेट्रोलच्या झाकणाच्या आत, दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डखाली. तिथे हलकं पॉलिश करा आणि रंगाच्या दुकानात स्कॅन करून फॉर्म्युला काढून घ्या. तो मशीनचा कागद जपून ठेवा, पुढे कधी टचअप लागला तर सोन्यासारखा आहे. आणि स्कॅनवर विसंबू नका, पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघा, क्लिअरसकट, आणि दुपारी उन्हात गाडीजवळ धरा.

मिशिगनचा_सातारकर:
उशिरा लिहितोय, इकडे रात्र असते. माझ्याकडे १९७९ ची कॉर्व्हेट आहे, फायबर बॉडीच, १९५३ पासून कॉर्व्हेट फायबरचीच येते. माझी सेंट लुइसच्या जुन्या कारखान्यातली, लॅकर रंगाची. मी पाच वर्षांपूर्वी नेमकी हीच चूक केली, स्वस्तात आणि लवकर म्हणून एका शॉपला रिमूव्हर लावू दिला. नोव्हेंबरमध्ये गाडी घेतली, अगदी आरसा. हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवली. जूनमध्ये बाहेर काढली, एक आठवडा उन्हात उभी राहिली आणि उजव्या फेंडरवर मोहरीएवढे फोड, मग दारावर, मग सगळीकडे. परत सगळं फायबरपर्यंत घासून काढावं लागलं, वास येत होता घासताना, आत साचलेल्या केमिकलचा. पहिल्या कामाचे पैसे तर गेलेच, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट लागले, आणि बायकोला काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच होता, तो उन्हाळा फार वाईट गेला माझा.

दुसऱ्या पेंटरने जे केलं ते सांगतो. फायबर दुरुस्ती झाल्यावर त्याने गाडी लगेच रंगवली नाही, प्रायमर मारून तीन आठवडे नुसती उन्हात ठेवली. मी रोज फोन करायचो, कधी करणार. तो म्हणायचा नवीन रेझिन अजून आकसतंय, त्याला काय आकसायचंय ते आत्ता आकसू दे, रंगाखाली नको. आणि खरंच तीन आठवड्यांनी दुरुस्तीच्या कडा आणि पॅनल चिकटवलेल्या रेघा हाताला लागायला लागल्या होत्या. त्या परत ब्लॉक केल्या मग रंग मारला. चार उन्हाळे झाले, एक रेघ नाही. तुमच्या दीड लाखवाल्याने दोन महिने सांगितलेत ना, मला तो माणूस आवडला.

वायरिंगवाला_नाशिक:
रंगाचं सगळं आलंय, एक राहिलं. फायबर बॉडीतून वीज जात नाही म्हणून लाइटला बॉडीचा अर्थ (अर्थिंग) मिळत नाही, प्रत्येक लाइटची अर्थची वायर वेगळी चासीपर्यंत गेलेली असते. सगळं खोलताना त्या वायरींचे फोटो काढा आणि चासीवरच्या अर्थच्या बोल्टांवर टेप लावा. त्यावर रंग बसला की इंडिकेटर लावला तर ब्रेकलाइट मिणमिणते, असले भुताटकीचे प्रकार सुरू होतात आणि लोक बल्ब बदलत बसतात. आणि रंग तोच ठेवताय ते छान, बदलला असता तर आरसीवर नोंद करायला आरटीओत जावं लागलं असतं.

होडीवाला_रत्नागिरी:
सातारकरांचं वाचून बरं वाटलं, म्हणजे वाईट पण वाटलं. आम्ही पण नवीन पॅच उन्हात ठेवतोच.

दादा बिजागरीमागे हात जात असेल तर आतून मॅटचे दोन थर द्या आणि बोल्टखाली मोठा वायसर किंवा पत्र्याची पट्टी, म्हणजे जोर एका भोकावर येणार नाही. रेझिनमध्ये हार्डनर १ ते २ टक्के, जास्त घातला की लवकर सुकतं पण ठिसूळ होतं. आणि पावसाळ्यात काढू नका काम, दमट हवेत रेझिन पण नीट सुकत नाही आणि रंग पण नाही.

लाल_स्टॉर्म_पुणे:
दीड लाखवाल्याकडे परत जाऊन आलो. मास्क आहे, हवेच्या लाइनचा, भिंतीवर टांगलेला दिसला. प्रायमरनंतर उन्हात ठेवायचं विचारलं तर म्हणाला १५ दिवस तरी ठेवणारच होतो, तुम्ही घाई कराल म्हणून बोललो नव्हतो. भट्टी लावणार नाही. बिजागरी आधी, मग रंग, हे लिहून घेतलं कागदावर आणि दोघांनी सही केली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी सोडतोय.

डिकीच्या कडेला घासून बघितलं, एकच लाल आहे, म्हणजे मूळ रंगच. बंपरवर तीन थर निघाले. डॅशबोर्डखालचा तुकडा पॉलिश केला तर इतका गडद लाल निघाला की मी विसरूनच गेलो होतो ही गाडी अशी होती. मामाला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला आणि विचारलं, त्या रंगाचा कागद घेतलास का नीट. घेतलाय. बिजागरी उघडली की आतले फोटो टाकतो, होडीवाले काका तुम्ही बघून सांगा.