पसरणी घाटात काटा चढतो, हीटर मात्र गार

वाईकर:
पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षांची. वाई ते सातारा तापमानाचा काटा निम्म्यावर स्थिर. पसरणी घाट लागला की पाऊणच्या वर. पाचगणीत हीटर लावला तर गाडी उभी असताना गार हवा, रेस दिली की कोमट. रेडिएटरशेजारच्या डब्यातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आठवड्याला बोटभर उतरतं, गाडीखाली थेंब नाही. गॅरेजवाले म्हणतात थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकू. काढावा का?

कृष्णाकाठ:
अजिबात काढू नका. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी सपाटीलाही तापली असती. तो काढला की इंजिन थंड राहून ॲव्हरेज पडतं, हीटर आणखी गार होतो, आणि काही इंजिनांत बायपास (रेडिएटर टाळून पाणी फिरवणारा मार्ग) उघडा राहून घाटात गाडी उलट जास्त तापते.

इंजिन गरम आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी हीटरच्या जाळीपर्यंत पोचत नाही. कूलंट कमी आहे किंवा सिस्टीमने हवा धरलीय. रेस दिल्यावर पंपाचा जोर वाढतो, म्हणून कोमट.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचंच झाकण उघडा. डबा भरलेला दिसला तरी आत पाणी कमी असू शकतं, कारण झाकणातली छोटी झडप अडकली की डब्यातलं कूलंट परत ओढलं जात नाही. झाकणाचं रबर नखाने दाबून बघा. कडक किंवा चिरलेलं असेल तर बदला. नव्या झाकणावर जुन्यावरचाच दाबाचा आकडा हवा (0.9 किंवा 1.1). महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी साधारण 95–96 अंशांना उकळतं. सिस्टीममधला दाब ते उकळू देत नाही, आणि हा दाब झाकणच धरतं.

मग हवा काढा. गाडीचं तोंड चढाला, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा वरचा होज पाइप दाबत राहा. पातळी उतरेल तसं भरा. 82–88 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि पाइप एकदम गरम होतो. बुडबुडे थांबले की झाकण लावा. गरम इंजिनवर बंद झाकण कधीच उघडायचं नाही.

मिरज ऑटो इलेक्ट्रिक:
घाटात दुसऱ्या गिअरला वेग कमी, म्हणजे सगळी भिस्त फॅनवर. एसी लावा, फॅन फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे गाडी चालली की पाचटाचा भुसा तिथे नमद्यासारखा बसतो. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

वाईकर:
रेडिएटरमध्ये पाऊण लिटर बसलं. झाकणाचं रबर चिरलेलं होतं, बदललं. फॅन ठीक. हीटर थोडा सुधारला. फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळच्या) हीटरच्या दोन पाइपांपैकी एकाला चटका बसतो, दुसरा कोमट.

कृष्णाकाठ:
दोन्ही गरम असते तर डॅशबोर्डमधली गरम-गार हवा वळवणारी फ्लॅप बघायला सांगितली असती. एक गरम, एक कोमट म्हणजे जाळी अर्धी तुंबलीय. आधी कोणी बोअरचं पाणी टॉप-अप केलं असेल तर त्याचा क्षार तिथेच बसतो, नळ्या बारीक असतात. दोन्ही पाइप सोडा आणि कमी दाबाने आधी उलट्या, मग सुलट्या दिशेने पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. शेवटचं पाणी डिस्टिल्ड.

आता बोटभर घट. चिरलेल्या झाकणातून ती वाफेने जात असेल. नवं झाकण लावूनही पातळी उतरली, तर डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं आहे का, काचेवर चिकट धुकं धरतं का ते बघा. हीटरची जाळी गळते तेव्हा असं होतं. वॉटर पंपाच्या छोट्या भोकाखाली वाळलेला रंगीत ओघळही शोधा. तिथेही काही नसेल तर गार इंजिन सुरू करा. कूलंट गार असतानाच मिनिटभरात वरचा पाइप दगडासारखा टणक झाला, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलमधून) जळलेला गॅस पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रावाची ब्लॉक टेस्ट करून घ्या. पेट्रोल गाडीत पाण्यात गॅस असेल तर तो द्राव पिवळा पडतो. तोपर्यंत घाट चढू नका.