मुधोळ कुत्र्याला कोरडं खाद्य कोणतं द्यावं?

खानापूरहून प्रश्न: दोन वर्षांचा मुधोळ, वजन २४ किलो, रोज शिवारात तासभर पळतो. बरगड्या दिसतात. पिशवीवर काय बघू?

निपाणीहून उत्तर: स्निग्धांश आधी बघा, १६ ते २० टक्के. लांब पळणाऱ्याला ताकद मुख्यतः चरबीतून मिळते. प्रथिनं २६ ते ३०. घटकांत पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको. मुधोळच्या शेवटच्या बरगड्या दिसणारच, काळजी नको. कंबरेची हाडं वर आली तर मात्र खाणं १० टक्क्यांनी वाढवा.

चिकोडीहून उत्तर: भाऊ, खाद्य एकदम बदललंत तर जुलाब लागू शकतात. नवं खाद्य पाव भागापासून सुरू करून ७ ते १० दिवस घ्या. आणि भरल्यापोटी पळवू नकाच! खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पिळा पडू शकतो, काही तासांत जीव जाऊ शकतो. पळून आल्यावर तासाभराने द्या, दिवसातून दोनदा विभागून.